नावापुरती तरतूद

डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारी राहणारे गृहस्थ महापालिकेच्या लेखा विभागात होते. जानेवारी लागला की त्यांच्या तोंडी बजेटशिवाय दुसरा विषय नसे. "बघू, बसतंय का," हे त्यांचं पालुपद. मग प्रश्न नव्या पुलाचा असो की ताटातल्या आणखी एका पोळीचा.

एकदा मी पेपर दाखवून विचारलं, "आपल्या वाचनालयाच्या इमारतीला यंदाही हजारच रुपये? त्यात काय होणार हो?"

"काहीच नाही. पण शून्य टाकलं की हेडच, म्हणजे त्या कामाचं खातंच, बंद होतं. मग पुढे पैसे आले तरी टाकणार कुठे?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांशी त्यांचं पार्किंगवरून कडाक्याचं वाजलेलं. काका त्यांच्याकडे बघतही नसत. तरी हे रोज जिन्यात "काय काका, बरं ना?" म्हणायचे आणि उत्तरासाठी न थांबता खाली उतरायचे.

पुढे मी डोंबिवली सोडून नौपाड्यात राहायला आलो. तेव्हापासून दर दिवाळीच्या पाडव्याला त्यांचा फोन. "काही नाही, सहजच. ठेवतो." एका वर्षी मला जिन्यातले काका आठवले, वाचनालयाचे हजार रुपयेही; आणि यांच्या लेखी आपणही त्यातलेच, हे लक्षात आलं. जरा लागलंच.

यंदा भाऊबीज उलटली तरी फोन नाही. चैन पडेना, तेव्हा मीच लावला. म्हटलं, "काही नाही, सहजच."

"अहो, गेल्या महिन्यात रिटायर झालो," ते म्हणाले. "आता फोनवर कशाला भागवायचं? रविवारी घरीच येतोय. जेवूनच जाईन."