इकितोसचा पाहुणा

जळक्या रबराचा वास आला की मला आखातातल्या बुदैया गावातला तो बंगला आठवतो. ऐंशीच्या सुमारास ह्यांच्या बॉसने आम्हाला तिथे जेवायला बोलावलं होतं. पेरूहून आलेला त्याचा पाहुणा आपल्या इकितोस शहराचं कौतुक सांगत होता. ॲमेझॉनकाठचं शहर, बाहेरून रस्ताच नाही, सगळी ये-जा बोटीने नाहीतर विमानाने. तिथे त्याच्या आजोबांनी रबराच्या पैशातून घर बांधलं होतं, भिंतींना युरोपातून आणलेल्या रंगीत फरशा लावून.

"रबर गोळा कोण करायचं?" मी विचारलं.

"जंगलातली माणसं. कमी आणलं की चाबूक!" तो हसला. बॉस हसला. हेही हसले.

मी ताट बाजूला सारलं. परतताना गाडीत ह्यांनी माझा हात धरला, तो मी झटकला.

"अगं, नोकरी आहे," हे पुटपुटले.

तो नाइलाज आता मला समजतो. त्या हसण्याची किळस मात्र अजून गेलेली नाही.