अंगठाभर चूक

गल्लीत ज्यांना सगळे नकाशेवाले म्हणत, ते मुळातच भित्रे. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि ते ओढून बघायला परत यायचे. मोजणी खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले, तरी पेन्सिलीच्या रेषेवर शाई चढवताना अजून श्वास रोखून धरायचे. "आमचा धाकटा सावलीलाही विचारून पुढे सरकतो," असं त्यांचा थोरला भाऊ, दादा, गिऱ्हाइकांना सांगायचा. गल्लीच्या तोंडाशी दादाचं लाँड्रीचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर दोघा भावांचा संसार.

नव्या प्रवासी रेल्वेची चर्चा सुरू झाल्यापासून दादाला कंठ फुटला होता. शर्टावर इस्त्री फिरवत तो रेल्वेची बाजू मांडायचा. स्टेशन दहा मिनिटांवर येईल, धंदा दुप्पट होईल. मार्ग मागच्या गल्लीतून जाणार होता, त्यामुळे त्याला मन मोठं करणं सोपं होतं. आपल्या गल्लीच्या सह्या गोळा करून त्याने 'आमची हरकत नाही' असा अर्जही दिला. अर्ज अर्थात धाकट्याने लिहिला, कारण दादाचं अक्षर दादालाच लागत नसे.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. हरकती द्यायचा तो शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंतच. दुपारी नकाशेवाल्यांनी दोन कागद जोडून केलेला मोठा नकाशा भिंतीवर टांगला, सुरकुती मोडायला जोडावरून तळहात फिरवला आणि हात तिथेच थांबला. पाण्याची गोल टाकी नेमकी जोडावर येत होती, अर्धी डाव्या कागदावर, अर्धी उजव्या. दोन अर्धी एकमेकांना भेटत नव्हती.

कागद जोडताना कडा जुळवायच्या नसतात, कोपऱ्यांतल्या खुणेच्या फुल्या जुळवायच्या असतात. हे त्यांनी स्वतः दहा जणांना शिकवलं होतं. पण हा नकाशा जोडला त्या दिवशी खात्याचे साहेब डोक्यावर उभे होते आणि यांनी खालच्या कडा जुळवून डिंक लावला. उजव्या कागदाची खालची कड फाटली म्हणून गेल्या वर्षी त्यांनीच ती अंगठाभर कापली होती. म्हणजे उजवीकडची सगळी वस्ती नकाशावर अंगठाभर खाली घसरली होती, आणि रेल्वेमार्गाची लाल रेषा त्यानंतर, डाव्या कागदाच्या मापाने ओढलेली. त्यांनी रेषेखाली अंगठा आडवा धरला. अंगठ्याच्या खालच्या कडेला त्यांचीच गल्ली होती.

बोललं तर नोकरी गेली, निवृत्तीला चौदा महिने असताना. न बोललं तर घर वाचेल म्हणावं, तर तेही नाही. जमिनीत खुंट्या ठोकतात त्या मोजणीच्या आकड्यांवरून, आणि आकडे बरोबर होते. खुंटी दुकानाच्या उंबऱ्यातच येणार, आणि तेव्हा साहेब गल्लीचा 'हरकत नाही'चा अर्ज पुढे करतील. त्यांच्याच अक्षरातला.

सभागृह भरलं. नकाशेवाले हातात काठी घेऊन नकाशाशेजारी उभे राहिले. साहेब नाव घेतील ती जागा दाखवायची, एवढंच काम. काठी घामाने निसटत होती. मागच्या गल्लीतल्या माणसांनी घरांचं, दवाखान्याचं सांगितलं. मग दादा उठला. "कुणाची तरी घरं जाणारच," तो म्हणाला. "रडत बसलं तर गाडी कशी यायची?" आपल्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते.

त्यानंतर मागच्या गल्लीतल्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई उठल्या. चष्मा पुसून त्या नकाशाच्या अगदी जवळ आल्या.

"नकाशेवाले, आपली टाकी गोल आहे ना हो? मग इथे ती फुटल्यासारखी का दिसते?"

साहेबांनी हसून पुढचं नाव पुकारलं. नकाशेवाल्यांचे पाय हलेनात, पण अंगठा हलला. त्यांनी तो पुन्हा लाल रेषेखाली ठेवला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी पुन्हा विचारलं. "कागद सरकलाय. मार्ग इथून नाही, इथून जातो."

दादा बसल्या जागेवरून म्हणाला, "तिथे तर दुकान आहे."

"दुकान आणि घर, दोन्ही."

साहेबांनी कागद आवरायला घेतले आणि उद्या सकाळी कपाटाच्या किल्ल्या घेऊन कार्यालयात भेटायला सांगितलं. याचा अर्थ काय, ते नकाशेवाल्यांना कळलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, ती घरंगळून पडली. आपल्या गल्लीकडे बघायची त्यांना हिंमत होईना. दादा उठून आला तेव्हा तो हात उगारणार असं वाटून त्यांनी मान आत घेतली.

दादा त्यांच्याजवळून पुढे बाईंकडे गेला. हरकतीचा कोरा अर्ज आहे का, असं त्याने खाली बघत विचारलं. बाईंनी टोमणा मारला नाही, अर्ज आणि पेन दोन्ही दिलं. दादाने ते आणून धाकट्यासमोर टेबलावर ठेवलं.

"लिही," तो म्हणाला. "नकाशात चुकलास, पत्ता तरी बरोबर घाल."

पावणेपाच झाले होते. पहिली ओळ घाईत वाकडी गेली. नकाशेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाकडी ओळ खोडून सरळ केली नाही.