शंभरातले एकतीस

"सहा दिवसानं येजा, जी."

पैसे हातात धरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार तुम्ही पाहिला आहे का? मी एकच पाहिला. देवळीला त्यांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, औषधं असं सगळं. गाव त्यांना काकाजी म्हणे. मी तालुक्याच्या कृषी खात्यात नोकरीला होतो आणि दुकानांची तपासणी माझ्याकडे होती. खरं म्हणजे तपासणाऱ्यानं अंतर ठेवून बोलावं, पण मीही त्यांना काकाजीच म्हणायचो. ते मला 'सायेब' म्हणत. त्यात थोडी चेष्टा असे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

सहा दिवस कशाचे, ते सांगतो. सोयाबीनचा ट्रक उतरला की काकाजी थैलीतून मूठभर दाणे काढत. त्यातले शंभर मोजत; निवडून नाही, हाताला येतील तसे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ते मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं आणि मागच्या खोलीत सावलीला ठेवायचं. रोज त्यावर पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी गुंडाळी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर विक्री सुरू, नाही तर माल परत. शेतकऱ्यांनी घरच्या बियाण्याची अशी चाचणी करावी म्हणून आमचं खातंच गावोगाव घसा कोरडा करत फिरायचं. पण कंपनीच्या सीलबंद थैलीची चाचणी दुकानदारानं करावी, हे कुठल्याच कागदात नव्हतं. थैलीवर उगवण छापलेलीच असते, असं मी एकदा म्हणालो.

"छापनाऱ्यानं पेरून पाह्यलं का?" ते म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.

सोयाबीनचा दाणा मोठा नाजूक. थैली उंचावरून टाकली की आतल्या आत मार लागतो आणि मग तो उगवत नाही. त्यामुळे काकाजींचा आवाज चढायचा तो फक्त हमालांवर. "आत लेकरू झोपून हाये असं समजा रे बावा!" दुसऱ्या दुकानात अर्ध्या तासात रिकामा होणारा ट्रक यांच्या दारात दोन तास उभा असे. हमालांची मात्र तक्रार नसायची, कारण दोन तासांत दोनदा चहा आणि एकदा आलुबोंडे व्हायचे.

औषध मागायला कुणी आलं तर ते आधी विचारत, "पान आनलं का?" रोग पडलेलं पान दाखवल्याशिवाय औषध नाही. एकदा एक जण चिडून आख्खं झाड मुळासकट घेऊन आला आणि त्यानं ते काउंटरवर आपटलं. काकाजींनी चष्मा लावून झाड उलटसुलट पाहिलं. "याले औषध नाई लागत. पानी जास्त झालं. दोन रोज मोटर बंद ठेवजो." झाड घेऊन तो माणूस गेला. शेजारच्या दुकानातून तीन बाटल्या घेऊन गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काकाजींनीही पाहिलं. मग पुढच्या गिऱ्हाइकाचं पान पाहायला घेतलं.

कंपन्या जास्त माल खपवणाऱ्यांना परदेशवारी देत. काकाजींचा खप कधी तिथवर पोचलाच नाही. त्यांच्या घरी चहाला गेलं की काकी मला ऐकवत, "सारे दुकानदार बायका घेऊन थायलंड पाहून आले, सायेब. मी चिखलदऱ्याच्या पुढं गेली नाई." काकाजी शांतपणे म्हणत, "थंडी तं तिथं बी होती ना?" काकी हसत. खोटं कशाला सांगू, मी काकींच्या बाजूनं होतो.

कारण मलाही त्यांचा कंटाळा यायचा. त्यांच्या दुकानाची तपासणी म्हणजे डोक्याला ताप. लिहायला काही सापडायचंच नाही. आणि तिथून निघालं की पुढच्या दुकानात मी ज्याकडे डोळेझाक करणार असायचो, ते जरा जास्तच दिसायला लागायचं. अशा माणसाच्या सहवासात आपण सुधारतो म्हणतात. मी तर नुसता थकायचो.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आणि बरा झाला. काकाजींकडे सोयाबीनचा पहिला ट्रक आला, गुंडाळी उघडली, ब्याऐंशी कोंब निघाले. थैल्या दोन दिवसांत संपल्या. पेरणीची घाई होती, दारात रांग होती, आणि त्यातच दुसरा ट्रक आला. तोच वाण, तीच कंपनी, थैलीवर तोच लॉट नंबर. त्या ट्रकातला माल त्यांनी आणि गावातल्या आणखी तीन दुकानदारांनी वाटून उतरवून घेतला. काकाजींनी नंबर पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा सहा दिवस थांबायला सांगितलं नाही.

तो ट्रक वाटेत कुठे किती दिवस उन्हात उभा होता, आतल्या थैल्या कितीदा आदळल्या, देव जाणे.

आठ-दहा दिवसांनी तक्रारी यायला लागल्या. उगवण नाही. तक्रार आली की आमची समिती शेतात जाते. पंचनामा लिहायचं काम माझं. पट्टीनं माती उकरायची, बी किती खोल आहे ते मोजायचं, ओल पाहायची, आणि मग लिहायचं. काय लिहायचं ते मला पाठ होतं: 'पेरणी प्रमाणापेक्षा खोल झाल्याने उगवण कमी.' हे वाक्य सगळ्यांच्या सोयीचं होतं. कंपनी सुटे, दुकानदार सुटे, कार्यालयाला पुढचा पत्रव्यवहार नसे. शेतकऱ्याची सोय होत नसे, पण तो दुसऱ्या पेरणीच्या धावपळीत असे आणि भांडायला त्याच्याकडे वेळ नसे. मी वाईट माणूस नाही. पण ते वाक्य मी इतक्यांदा लिहिलं होतं की पट्टी पिशवीतून काढायच्या आधीच ते कागदावर उतरलेलं असायचं.

पहिलंच शेत एका बाईचं होतं. एरवी ती वांगी-मिरची लावून देवळीच्या बाजारात विकायची. त्या वर्षी तीन एकरात सोयाबीन पेरलं होतं. ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. मी विचारलं, बियाणं कुठलं?

"काकाजीच्या दुकानातलं, सायेब. पन त्याईच्या बियान्याले नाव नोका ठेवू," ती घाईनं म्हणाली. "माह्याच हातून खोल गेलं असन."

तिनंच माझं काम सोपं केलं. मी लिहायला घेतलं. तेवढ्यात बांधावर स्कूटर थांबली आणि काकाजी चिखल तुडवत आले. बगलेत गोणपाटाची गुंडाळी होती. समितीतल्या साहेबांना नमस्कार केला, खाली बसले आणि गुंडाळी तिथेच बांधावर उलगडली. दुकानात उरलेल्या थैलीतले शंभर दाणे होते. बरेचसे तसेच पडलेले, काही कुजलेले.

"एकतीस," ते म्हणाले. "खोल नाई गेलं, बाई. माहं चुकलं. नंबर तोच होता म्हनून मी पाह्यलंच नाई."

"जाऊ द्या ना जी, काकाजी," ती म्हणाली, जणू त्यांचंच पीक गेलं होतं.

"जाऊ देऊन कसं चालंन? सायेब, लिहा. दुकानदारानं न तपासता इकलं. असं लिहा."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब आभाळाकडे पाहत होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय बिघडणार होतं? सगळंच. दुकानदारानं स्वतः कबूल केलं की सदोष बियाणं विकल्याची नोंद होते आणि परवान्यावर गदा येते. दुकान हेच त्यांचं सर्वस्व होतं. संध्याकाळी बाकीचे तिघे दुकानदार त्यांच्याकडे जमले. मीही होतो, समजूत घालायला मलाच नेलं होतं.

"काकाजी, ट्रक एकच होता. तुमी बोलले तं आमी बी मेलो," एक जण म्हणाला. "खोल पेरनी लिहून राह्यले सायेब, लिहू द्या ना. तुमाले काऊन एवढं?"

"मी तुमचं नाव नाई घेतलं," काकाजी म्हणाले. "तुमच्या गिऱ्हाइकाले तुमी सांगा. माह्या गिऱ्हाइकाले मी सांगतलं."

मी म्हणालो, थोडं व्यवहारानं घ्या. त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "व्यवहारच करून राह्यलो, सायेब," ते म्हणाले. "बियानं इकलं, ते उगवलं नाई. याच्यात दुसरा व्यवहार कोनता?"

पुढच्या चार दिवसांत त्यांनी हिंगणघाटपासून कुठून कुठून बियाणं गोळा केलं, टेम्पो केला आणि दुसऱ्या ट्रकातली थैली नेलेल्या प्रत्येकाच्या घरी ते पोचवलं. या वेळी सहा दिवस नव्हते. पण थैल्या फोडून दाणे रात्रभर भिजवून, फुगतात कसे ते तरी पाहूनच त्यांनी माल उचलला. त्या लोकांची दुबार पेरणी साधली. भाजीवाल्या बाईचंही साधलं.

मग कंपनीचं पत्र आलं की दुकानदाराच्या गोदामात साठवणूक सदोष होती. वरच्या कार्यालयाला कुणावर तरी कारवाई झालेली दाखवायची होतीच. लेखी कबुलीजबाब एकाच दुकानदाराचा होता. माझ्या आख्ख्या नोकरीत एकाच बियाणे दुकानाचा परवाना निलंबित झाला, आणि त्या आदेशाचा मसुदा मी केला. भाषा चांगली जमली होती. साहेबांनी एकही दुरुस्ती केली नाही.

आदेश द्यायला मीच गेलो. त्यांनी उभ्यानं वाचला, पोच म्हणून सही केली आणि कुलूप शोधायला लागले. मला काहीतरी बोलायचं होतं. पण आधी तेच बोलले.

"तुमचं काम तुमी केलं, सायेब. मले एक सांगा. बाकीच्या तीन दुकानातून ज्याईनं नेलं, त्याईचं पाह्यलं का? त्याईले तं कोनीच सांगतलं नसन."

"पाहतो," मी म्हणालो.

हंगाम संपल्यावर परवाना परत मिळाला, पण माल मिळेना. कंपन्यांनी त्यांचं नाव बाजूला ठेवलं होतं. काही दिवस लोक पान घेऊन त्यांच्या घरी यायचे. ओसरीत बसून काकाजी सांगायचे, हे अमक्या दुकानात मिळते, तमकं घेऊ नोको. मग लोकही कमी झाले. दुकानाच्या जागी मोबाइलवाला आला. मी निवृत्त होऊन वर्ध्याला, नालवाडीत राहायला आलो. भेटायला जाईन म्हणायचो. देवळी काही लांब नाही, तरी गेलो नाही.

गेल्या वर्षी ते वर्ध्याच्या दवाखान्यात असल्याचं कळलं, तेव्हा गेलो. फार वाळले होते. काकी बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. काकाजींनी मला ओळखलं, बसा म्हणून खूण केली, आणि प्रकृतीचं वगैरे काही न बोलता विचारलं, "सायेब, त्या बाकीच्याईचं पाह्यलं होतं का तुमी?"

"पाहिलं," मी म्हणालो. "बियाण्याचाच दोष लिहिला. त्यांनाही मिळालं."

त्यांनी डोळे मिटले. "मंग बरं झालं," ते म्हणाले. "मले वाटे, माह्याच लोकाईले भेटलं फकत. झोप नाई ये."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. बसून राहिलो. काकींनी मोसंबं सोलून दिलं, ते खाल्लं.

पाच दिवसांनी ते गेले. देवळीच्या स्मशानात गर्दी बरीच होती. ते तिघे दुकानदारही होते. त्यातला एक मनापासून रडत होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. मी एका बाजूला उभा होतो. साठीचा एक शेतकरी जवळ आला, डोक्यावरचा गमछा काढून त्यानं नमस्कार केला.

"ओळखलं नाई ना, सायेब? आमच्या वावरात आलते तुमी. सोयाबीन निंघालं नोतं तवा." त्यानं त्याच्या गावाचं नाव सांगितलं. मग दुकानाचं. ते काकाजींचं दुकान नव्हतं. "तुमी खोल गेलं म्हनले. तवापासून मी पेरतानी तिफन वरच धरली. एक-दोन साल बी उघडंच राह्यलं, पाखरानं खाल्लं. बायको म्हने, आता वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं देऊन टाका, तुमचा हात बसत नाई. मंग तीन सालापासून बटईनंच देतो."

तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. उलट, साहेबांनी शेतात येऊन चूक दाखवली याचं त्याला अप्रूप होतं.

"हो," मी म्हणालो. "काळजी घ्यावी लागते."

तो मान हलवून लाकडं रचणाऱ्यांच्या मदतीला गेला.

त्याचं शेत मला आठवत होतं. मी तिथे गुडघ्यावर बसून तीन ठिकाणी माती उकरली होती आणि पट्टी लावली होती. त्याची पेरणी खोल नव्हती. तिन्ही ठिकाणी अगदी बरोबर होती.