विसावा दिलेली ट्यूब

शहाण्णव साल. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा, आणि कोणाचं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही गुरं राखून उरेल तेवढी. पण पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या आमच्या वाडीत पहिली ट्यूब लागली ती माझ्या घरी.

हौस म्हणून नव्हती लावली. मुंबईला गिरणीत असलेला माझा धाकटा भाऊ आदल्या गणपतीत बोलून गेला होता, की नातवंडांना इथल्या अंधाराची भीती वाटते, बल्बाच्या उजेडात देवाचं तोंडसुद्धा धड दिसत नाही, तेव्हा यापुढं गणपती मुंबईच्या खोलीतच बसवू. बापानं बसवलेला गणपती घरातून उठणार? मला घास गोड लागेना. शिमगा झाल्यावर महाडला गेलो आणि एस.टी.त दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून ट्यूब घेऊन आलो, आणि तसं भावाला कळवलं.

पांढराशुभ्र उजेड. मी तिला बैलासारखी जपली. बैलाला घडीघडी विसावा दिला की तो जास्त वर्षं ओढतो, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून घरातलं कोणी पाणी प्यायला उठलं तरी मी बटण बंद करी, परत येऊन बसलं की चालू. बायको वैतागायची. म्हणायची, "आवो, तिला काय दम लागतो?" तुला नाय कळायचं, एवढंच मी सांगायचो.

श्रावणात ट्यूबची टोकं काळी पडली, चुलीवरच्या टोपासारखी. मग उजेडच गुलाबी दिसायला लागला. खेड्यातलं गिऱ्हाईक बघून जुना माल दिला, म्हणून मी दुकानदाराला घरबसल्या शिव्या घातल्या. तरी बदलायला गेलो नाही. संध्याकाळ झाली की तिच्याखाली नुसत्या येरझाऱ्या. गणपतीपर्यंत सुधारेल म्हणून विसावा मात्र वाढवत गेलो.

चतुर्थीला भाऊ सगळ्या घराला घेऊन आला. संध्याकाळी आरतीला उभे राहिलो, मी बटण दाबलं. ट्यूब लुकलुकली, परत लुकलुकली, आणि मग नुसती दोन टोकं लाल, मधे काळोख. भावाची नात घाबरून रडायला लागली. समईवर आरती उरकली.

बायकोनं भावाला बटणाची सगळी हकिगत सांगितली. तो आधी हसला.

"दादा, आमच्या गिरणीच्या खात्यातल्या ट्यूबा पाळी बदलली तरी बंद करत नाय. जळताना तिला एवढा त्रास नाय, पेटताना होतो. दर पेटण्याला टोकातली तार झिजते. तू विसावा कसला देतोस? सारखी चढणीला जुंपलीस तिला."

"मला शिकवू नको," मी म्हणालो. "गणपती कुठं बसणार ते बोल."

त्यानं वर ट्यूबकडं बघितलं. मग म्हणाला, "उद्या आरतीला देवाचं तोंड दिसलं तर हितंच. नायतर पुढल्या सालापासून मुंबई."

 रात्री जेवताना पानावरून दोनदा उठून मी बटण दाबून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं महाडला जाऊन त्याच दुकानातून नवी ट्यूब आणि नवा स्टार्टर आणला. दुपार व्हायच्या आत चढवली, पेटवली, आणि दारात लख्ख ऊन पडलेलं असताना तिच्याखाली घोंगडी टाकून बसलो. आरती होईपर्यंत बटणाला जो हात लावील त्याचा हात मोडीन, असं सगळ्या घराला सांगून ठेवलं.