काचेला चोळलेली तंबाखू

मी सैन्यात इंजिनिअर रेजिमेंटचा डायव्हर होतो. गाव जव्हारजवळचं साखरशेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका ऑक्टोबरात, दाभोशाच्या डोहात बुडालेल्या माणसाला शोधायचा हुकूम आमच्या टीमला आला. माझ्याच तालुक्यात ड्यूटी. साताऱ्याकडचा लान्स नाईक कदम माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार. मास्क-सिलिंडरचा स्टोअरही त्याच्याच ताब्यात.

डायव्हरचा रोजचा नियम साधा. मास्कच्या कोरड्या काचेवर आतून थुंकायचं, अंगठ्याने चोळायचं, एकदा विसळायचं. नाहीतर काचेवर वाफ धरते आणि खाली काही दिसत नाही.

सकाळी ०९४०. आम्ही काठावर तयार. गावातले एक आजोबा म्हणाले, "डोहात थुकायचा नाय हां. देव हाय आत."

"देवाला सांग, सरकारी थुंकी आहे," कदम माझ्या कानात पुटपुटला. पाठ फिरवून त्याने त्याचं काम उरकलं.

मला धीर होईना. काठावरची निम्मी माणसं ओळखीची. आमच्याकडे जीपवाले पावसात पुढच्या काचेला तंबाखू चोळतात, काच साफ राहते. मी चिंतू जीपवाल्याकडून चिमूटभर घेतली, मास्कला आतून चोळली आणि तसाच चढवला.

नऊ मीटरवर मास्कात थोडं पाणी शिरलं. ते नेहमीच शिरतं. तंबाखू डोळ्यांत उतरली. आग आग झाली. समोर कदमचा सिलिंडर बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत अडकला होता. त्याने 'अडकलो' ही खूण केली. ती मी पाहिली. आणि वर आलो.

"गावित, कदम कुठाय?" सुभेदारसाहेब.

"अडकलाय साहेब. माझा मास्क खराब निघाला."

मास्क धड होता.

"दुसरा घे. चल!"

सगळ्या गावासमोर मी दुसऱ्या मास्कात थुंकलो, चोळलं, विसळलं आणि खाली गेलो. चार मिनिटं गेली होती. कदम फांदी धरून, हवा पुरवत, सावकाश श्वास घेत होता. मी फांदी कापली. दोघे वर आलो.

काठावर त्याने माझा पहिला मास्क उचलून हुंगला. माझ्याकडे पाहिलं.

आजोबा म्हणाले, "अरं, लोटाभर पानी मागतास तं आम्हीच दिलं असता. बाजूला विसळायचास."

बुडालेला माणूस दुपारी सापडला. रिपोर्टमध्ये 'मास्क सदोष' असं गेलं. स्टोअर कदमचा, म्हणून रेड इंक एंट्री, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाईचा ठपका, कदमला. नाईकची बढती अडली. मी कुठल्याही दिवशी तोंड उघडू शकलो असतो. उघडलं नाही.

दोन वर्षांनी पुरात लोकांना काढताना कदम गेला.

फार उशिरा त्याच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. त्या चहा गाळत होत्या.

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "हे सांगायचे, गावितानं देवाचा मान राखला आन् माझ्या मास्कला तंबाखू चारली. लई हसायचे. घ्या, चहा निवतोय."

त्या दिवसापासून झोप चांगली लागते.

आता मी जव्हारला बचाव पथकाला डायव्हिंग शिकवतो. काठावर पाण्याने भरलेला लोटा ठेवतो. पहिला धडा थुंकीचा. युनिटच्या स्मारकावर 'लान्स नाईक' कोरलंय, ते आता बदलत नाही. मी मात्र शिकवताना सांगतो, ही पद्धत नाईक कदमांची.