जरा ही पिशवी धर

आमच्या चौकात सगळे जिला ‘चौकाची सासू’ म्हणतात, ती माझी थोरली नणंद. मी तिला वन्सं म्हणते. मनातल्या मनात मी तिला आणखीही बरंच काही म्हटलंय, पण ते इथे नको.

नगरपालिकेनं चौकासाठी नियम केले तेव्हाची गोष्ट. दारू पिऊन धिंगाणा घालायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, माणसं चालतात तिथून गाडी दामटायची नाही, थुंकायचं नाही. नियम मोडला की पावती. तिसऱ्या पावतीला वर्षभर चौकात पाऊल टाकायला बंदी. हे सगळं फलकावर लिहून फलक कोपऱ्यावर ठोकला आणि त्यावर नजर ठेवायला वन्संना नेमलं. अंगात ढगळ खाकी कोट, गुडघे दुखरे आणि काखेत भाजीची कापडी पिशवी. मी म्हटलं, झालं! ही बाई गुंडांना काय मेथीची जुडी दाखवून पळवणार?

तर हो, जवळजवळ तसंच केलं तिनं. कोणी तावातावानं भांडायला लागला की ही शांतपणे त्याच्यापाशी जायची आणि म्हणायची, “जरा ही पिशवी धर रे बाबा, खांदा भरून आलाय.” तो गडबडीत पिशवी धरायचा. मग ही चालायला लागायची आणि पिशवी हातात असल्यामुळे तोही मागोमाग. बाईमाणसाची भाजी हातात धरून कोणाला आईबहिणीवरून शिव्या देता येतात का हो? फलकाच्या पलीकडे पोचेपर्यंत त्याचा पारा उतरलेला असायचा. तिथे ही पिशवी परत घ्यायची आणि म्हणायची, “आता घरी जा.” कितीतरी पावत्या अशा न फाडताच राहिल्या. मी माझ्या शिवणाच्या दुकानातून बघायची आणि कौतुकानं दात काढायची.

माझे दात घशात गेले ते आमच्या घरातल्या माणसामुळे. माझ्या शेजारच्या गाळ्यात माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. हात सोन्याचा, पण दुपारी बाटलीला लागला की तोंडाचं गटार. एकदा दारात उभा राहून समोरच्या फळवाल्याला नाही नाही ते बोलत होता. वन्संनी आपल्या धाकट्या भावापुढेही पिशवी धरली. त्यानं ती दिव्याच्या खांबाला अडकवली आणि चौकभर ऐकू जाईल असा हसला. “ताई, ही युक्ती मला माहीत आहे. दुसरा कोणी बकरा बघ!”

तिनं पावती फाडली. पुढे काही दिवसांनी दुसरीही फाडली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “वन्सं, सख्ख्या भावाची पावती?” मी तिच्या घरी जाऊन भांडले. ती भांडी घासत होती. “फळवालाही कोणाचा तरी भाऊ आहेच ना गं,” एवढंच म्हणाली आणि घासलेलं पातेलं माझ्या हातात दिलं. मी मेली वेडी, ते पुसून फळीवर ठेवून आले!

आता तिसरी पावती म्हणजे गाळा बंद. घड्याळांशिवाय या माणसाला दुसरं काही येत नाही. घरी बसला तर सकाळपासूनच पिईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी जपायची, समजवायची, बाटल्या लपवायची. काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी शाळेतल्या बाई भिंतीवरचं घड्याळ मागायला आल्या. ते झालेलं नव्हतं. यानं त्यांना अशा शिव्या दिल्या, की त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या. मग बाटली पायरीवर फोडली. वन्सं आल्या. मी मशीन सोडून धावले. “पाया पडते वन्सं, पिशवी द्या त्यांना, पिशवी!” तिनं खरंच पिशवी पुढे केली. यानं ती हिसकावून भिरकावली. बटाटे चौकभर घरंगळले.

तिनं आधी वाकून वाकून सगळे बटाटे गोळा केले. मग काचा उचलल्या. मग पावती लिहिली आणि त्याच्या खिशात ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण अक्षर नेहमीसारखं स्वच्छ होतं. त्या क्षणी मी तिचा मनापासून तिरस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या दारात. मी दार धाडकन लावलं. बाहेरून आवाज आला, “दार माझ्यावर लाव हवं तर. घड्याळांवर कशाला रागावतेस?” उघडून बघते तर तीच पिशवी, आत गाळ्यातली बंद पडलेली घड्याळं, प्रत्येकाला गिऱ्हाइकाची चिठ्ठी बांधलेली.

“बंदी माणसाला आहे, घड्याळांना नाही,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक तू तुझ्या दुकानात घे. ने-आण मी करते.”

आणि केली की! दुखऱ्या गुडघ्यांनी रोज उलटा हेलपाटा घालून सकाळी घड्याळं आणायची, संध्याकाळी न्यायची. नवरा तिच्याशी चकार शब्द बोलत नव्हता. ती पिशवी टेबलावर ठेवायची, पाणी प्यायची आणि निघायची. पहिल्या पिशवीत शाळेतल्या बाईंचं घड्याळ होतं. ते त्यानं कितीतरी दिवस बाजूला ठेवलं. शेवटी एका संध्याकाळी उचललं, काच पुसली, चिठ्ठीमागे ‘चुकलो’ असं लिहिलं आणि पिशवीत ठेवलं. दारू एकदम सुटली असं मी सांगणार नाही, खोटं पडेन. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या नजरेसमोर, थरथरत्या हातानं बारीक चाकं बसेनात, तेव्हा त्याला निवड करावी लागली. हळूहळू त्यानं घड्याळांची केली.

बंदी संपली त्या सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाला. कोपऱ्यावरच्या फलकापाशी आला आणि थबकला. समोर फळवाला, शाळेतल्या बाई, सगळा चौक. याचे पाय उचलेनात. “उद्या येतो,” मला म्हणाला आणि वळला.

वन्सं कुठून आल्या कोण जाणे. खाकी कोट, काखेत पिशवी. त्याच्याकडे धड बघितलंही नाही.

“जरा ही पिशवी धर रे. खांदा भरून आलाय.”

तो पिशवीकडे बघत राहिला. मग त्यानं ती दोन्ही हातांनी धरली. ती पुढे चालायला लागली, चौकाच्या आत, गाळ्याच्या दिशेनं, आणि तो मागोमाग. फळवाल्यानं टोपली सरकवून वाट दिली.

मी धावत पुढे जाऊन शटर वर केलं. मग मशीनवर बसले, पण डोळ्यांपुढे सगळं धूसर. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाही मी उलटी जोडली. उसवताना शेजारच्या गाळ्यातून आवाज आला, “ताई, बस ना जरा. गुडघे दुखत असतील.”