सुटकेचं भाषांतर

भाषा माणसाला मुक्त करते. बारामतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवताना हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला म्हणत असे, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत असे, म्हणजे मुलांनी ते लिहून घ्यावं. मुलं लिहून घेत. एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर तिने ते खोडलं. तिचं बरोबर होतं हे कळायला मला नव्वदीचं दशक निम्म्याहून जास्त ओलांडावं लागलं.

त्या सुमारास एमआयडीसीत प्लास्टिकच्या कचऱ्याचा एक कारखाना चालू होता. दुधाच्या पिशव्या, खताची पोती, सलाइनच्या बाटल्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या असा माल भंगारवाल्यांकडून यायचा. तो निवडायचा, धुवायचा, वितळवायचा आणि त्याचा दाणा करायचा. दाणा म्हणजे साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे मणी. हा दाणा परदेशी जायचा, आणि तिथे कचरा उचलणारी एक मोठी कंपनी त्यापासून रस्त्यावर ठेवायचे डबे बनवून घ्यायची. आमचा कचरा तिकडे जाऊन कचऱ्याचा डबा होत होता. पुनर्जन्म म्हणून ही काही मोठी बढती नव्हती, पण परदेशगमन होतं.

पुढे त्या कंपनीने ठरवलं की आपला डबा आतून कितीही घाण असला तरी त्याच्यामागे कुणाची गुलामी नसावी. माल पुरवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी जाऊन तसं पाहायचं. आमच्याकडे त्यासाठी एक बाई येणार होत्या. कारखान्याचा मालक पणदऱ्याकडचा, उसावर मोठा झालेला माणूस. तो मला दुभाषा म्हणून न्यायला स्वतः जीप घेऊन आला.

"सर, तुमी फकस्त मराठीचं इंग्लिश करायचं अन् इंग्लिशचं मराठी," तो म्हणाला. "मधी आपलं काय घालायचं न्हाय."

मी वाचनाचा माणूस. मला ही अट अपमानाची वाटली नाही, उलट भाषांतराची इतकी नेमकी व्याख्या मी कुठे वाचली नव्हती.

पाहुण्या बाईंचं स्वागत फाटकातच झालं. शाल, नारळ, हार, आणि वर फेटा. फेटा बांधणारा खास बोलावलेला होता आणि त्याने लग्नातल्या नवरदेवाला बांधावा तसा ऐटीत बांधला. सनईची कॅसेट लावली होती. बाईंचं डोकं लहान असावं. फेटा उजव्या डोळ्यावर उतरायला लागला. तो काढणं यजमानांचा अपमान होईल असं त्यांना वाटलं असणार, कारण पुढचे दोन तास त्यांनी गुलामी शोधली ती एकाच डोळ्याने.

तरी त्या बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. त्या विचारत ते मनापासून, आणि उत्तर येईपर्यंत थांबत. मी अनेक अधिकारी पाहिलेत. थांबणारं माणूस क्वचित.

मागे पत्र्याची लांब शेड होती. तिथे बाया-माणसं गोणपाटावर बसून माल निवडत होती. पांढरं एकीकडे, रंगीत एकीकडे, दोन्हींत न बसणारं तिसरीकडे. वास असा की बोलायचं तर तोंड उघडावं लागतं याचं वाईट वाटावं. ही माणसं कारखान्याच्या पगारावर नव्हती. त्यांना एका मुकादमाने आणलं होतं. त्याला सगळे तात्या म्हणत. हा पूर्वी उसाच्या तोडीवर माणसं पुरवायचा, आणि तिथला रिवाज त्याने जसाच्या तसा इकडे आणला होता. आधी उचल द्यायची, म्हणजे कामाआधीचे पैसे, आणि ती फिटेपर्यंत माणूस आपलं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. शेडमध्ये कुणाच्याही हातात कोयता नव्हता, तरी हजेरी कोयत्यांचीच लागे.

फरक एकच होता. उसाला पट्टा पडतो. साखर कारखाना बंद होतो, हंगाम संपतो, बैलगाड्या परत फिरतात, आणि उचल फिटली असो नसो, माणूस निदान गावी जातो. भंगाराला पट्टा नाही. लोक दूध बाराही महिने पितात आणि पिशव्या बाराही महिने टाकतात. ही गोष्ट तात्याला कळली होती, त्या माणसांना हळूहळू कळत होती, आणि बाईंच्या प्रश्नावलीला कळायचा काही मार्ग नव्हता.

बाईंनी विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न, इथे स्वतःच्या मर्जीने आलात का? मी तो तसाच मराठीत केला. एक म्हातारी म्हणाली, "मर्जी हाय की तात्यांची. लई हाय." बाईंना मी सांगितलं की या भाषेत मर्जी बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. मालक खाकरला.

मग बाई एका तरुण बाईसमोर उकिडव्या बसल्या. पोटुशी होती, सातवा महिना असावा. शेजारी नवरा ठिबकच्या नळ्या कापत होता. प्रश्न असा होता की इथून तुम्हाला कधी सोडणार. मी क्षणभर थांबलो. बंधमुक्ती म्हटलं असतं तर ते कुणालाच कळलं नसतं, मलाही जेमतेम. मी साधा शब्द निवडला, आणि निवडल्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

"तुमची सुटका कधी आहे?"

तिने पदर ओढला आणि खाली बघत म्हणाली, "अजून दोन म्हैनं हायत."

मी म्हटलं, दोन महिने. बाईंचा चेहरा उजळला. मुदतीचं काम, ठरलेली तारीख. त्यांनी लिहायला घेतलं. तेवढ्यात सगळ्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या आणि तात्या म्हणाला, "मास्तर, पोरीला चारचौघांत काय इचारताय वो! पाळणा बांधायचाय का तुमाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे बाई बाळंत झाली की सुटका झाली म्हणतात. मी ताबडतोब बाईंना सांगितलं की चूक माझी, ही बाळंतपणाबद्दल बोलतेय. त्यांनी लिहिलेलं खोडलं. कान लाल झाले त्यांचे. मग त्यांनी फेटा वर सरकवला आणि प्रश्नावलीत नसलेला प्रश्न विचारला, बाळंतपण कुठे करणार?

"म्हायेरी," ती पोरगी चटकन म्हणाली. "सुप्याकडं. पयलं हाय न्हवं. आई वाट बघतीया. यष्टीनं तासा-दीड तासाचं तर हाय." आणि मग तिने तात्याकडे पाहिलं.

"जाऊ दे की," तात्या म्हणाला. "आमी काय बांधून ठिवलंय? दावं दिसतंय का कुठं? पर अर्धा कोयता मी ठेवत न्हाय. ती गेली की ह्यो बी बसला. अन् उचल कोण फेडायची, हिचा बा? त्याची मेंढरं कवाच इकली."

"म्या दोघांचं करतो म्हनलं न्हवं तात्या," नवरा मान वर न करता म्हणाला.

"दोघांचं करतुया! यकट्याचं नीट व्हईना."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत केला. अर्धा कोयता म्हणजे काय तेही समजावलं. मालकाने दोनदा सांगितलं की चहा निवतोय. बाईंना सगळं कळलं, आणि त्यांनी तिथेच मालकाला स्पष्ट बजावलं की या पद्धतीने निवडलेला माल त्यांची कंपनी घेणार नाही. शिवाय गरोदर बाईला जमिनीवर बसवू नये, हेही. मालक हात जोडून हो म्हणाला. त्याने लगेच ऑफिसातून लाल प्लास्टिकची खुर्ची मागवली. पोरगी तिच्यावर बसली. पण माल जमिनीवर होता आणि हात तिथवर पोचत नव्हते, म्हणून बाई जीपमध्ये बसेपर्यंत ती नुसतीच बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात मी एका सरकारी कचेरीत गेलो. वेठबिगारीविरुद्ध कायदा आहे एवढं मला वाचून माहीत होतं. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं.

"माणसं बांधलेली आहेत का?"

"नाहीत."

"कोंडलेली?"

"नाहीत."

"मारहाण?"

"पाहिली नाही."

"मग?"

"उचल घेतलीय. ती फिटेपर्यंत जाता येत नाही."

साहेब हसले. अगदी आपुलकीने हसले. "सर, मी सोसायटीचं कर्ज काढून घर बांधलंय. ते फिटेपर्यंत मलाही ही खुर्ची सोडता येत नाही. तुम्ही सोडताय का नोकरी?" मी म्हटलं, यात फरक आहे. ते म्हणाले, "असेल. पण त्यांचा स्वतःचा अर्ज लागेल." अर्ज द्यायचा तर त्यांना कचेरीच्या वेळात शेडबाहेर यायला हवं होतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा, तुम्हालाच अडचण दिसली."

मी शेडवर गेलो तेव्हा वॉचमनने फाटकातूनच सांगितलं की दुभाष्याचं काम संपलं.

महिन्याभराने मालक मला बाजारात भेटला. खुशीत होता. "सर, तुमच्यामुळं सुधारणा झाली. डबेवाल्यांची ऑर्डर कायम झाली. या बघायला." मी गेलो. फाटकावर नवी पाटी होती, मराठीत आणि इंग्रजीत: येथे सक्तीचे काम घेतले जात नाही. मागची शेड झाडून पुसून रिकामी होती. वास जवळजवळ गेला होता.

"माणसं?"

"मोकळी केली," मालक म्हणाला. "आता आमी निवडायच्या भानगडीतच न्हाय. निवडलेला, धुतलेला माल इकत घेतो. कोन निवडतं, कसं निवडतं, ते त्याचं तो बघंल. बाईंच्या कंपनीला बी पटलं. त्यांची तपासणी आता फाटकापासनं आत."

मी पाटी पुन्हा वाचली. तिच्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

त्या वर्षी परीक्षेच्या कामाला मला इंदापूरला जावं लागलं. परतताना गाव सुटल्यावर रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड दिसली. बाहेर ठिबकच्या नळ्यांचा ढीग होता. मी एसटीतून उतरलो. ही शेड मालकाच्या मेहुण्याची आहे असं चहावाला म्हणाला. आत तीच म्हातारी, तोच गोणपाट, तेच तीन ढीग. तात्या नव्हता. ती पोरगीही दिसली नाही. तिचा नवरा दारापाशी नळ्या कापत होता.

"बायको कुठाय?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. ओळखलं. "तिची सुटका झाली मास्तर," तो म्हणाला, आणि हसला.

मला इतका आनंद झाला की मी त्याचा हात धरला. इतके दिवस इंग्रजी शिकवून माणसाचं मराठी कुठवर जातं पहा. "सुप्याला गेली? तात्याने सोडली?"

त्याचं हसू तिथेच थांबलं. "न्हाय वो. हितंच. पोरगी झाली." त्याने नळीने आत दाखवलं. "परवाच्यापासनं बसतीया कामाला. तात्या म्हनलं, खाडा किती करायचा. दवाखान्याचं उचलीत घातलंय."

शेडच्या मागच्या टोकाला, पोत्याच्या झोळीला पायाने झोका देत ती बसली होती. हात चालू होते. पांढरं, रंगीत, तिसरं. तिची आई काय म्हणाली हे विचारायचं मी टाळलं, पण तिनेच सांगितलं.

"आई आल्ती. टोपडं घिऊन. दारात बसली दिसभर अन् गेली. सुपं हितनं लांब पडतंय, दोन गाड्या बदलाव्या लागत्यात."

झोळीत डोकावून मी म्हटलं, छान आहे. ती छानच होती.

"यवढं फिटलं की जाऊ," ती म्हणाली. नवऱ्याने नळी कापली. म्हातारी, कुणाकडे न बघता, "व्हय व्हय" म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं.

मी निघालो तेव्हा पोरीने मागून हाक मारली. "मास्तर, त्या बाई पुन्यांदा येनार हायत का? त्यांनी खुर्ची दिल्ती. ती न्हाय आनली हिकडं."

बाई पुन्हा येणार होत्या, पण फाटकापासून आत. खुर्ची कारखान्याच्या ऑफिसातली होती, त्यामुळे ती बारामतीलाच राहिली. तिच्यावर वॉचमन बसत असे.